बदलीचे गाव आणि संसाराचा हिशेब

बदलीचा अथवा नव्या नोकरीचा आदेश हाती पडतो तेव्हा त्यातील वेतनाचा आकडा सर्वप्रथम वाचला जातो. वेतनवाढ चांगली असेल तर होकार कळविला जातो, घरभाड्याची चौकशी केली जाते आणि सामानाची बांधाबांध सुरू होते. विजेचा दर, पाण्याची स्थिती, शाळेचे मंडळ, आजारी माणसांसाठी रुग्णालयाची सोय या गोष्टी ‘तेथे गेल्यावर पाहू’ म्हणून मागे ठेवल्या जातात. वास्तविक वेतनवाढीतून महिन्याच्या अखेरीस किती शिल्लक राहील, हे याच गोष्टींवर ठरते. म्हणूनच आदेश आल्यापासून होकार देईपर्यंतचे आठ-दहा दिवस या चौकशीसाठी राखून ठेवणे हिताचे असते.

नव्या शहराचा दर्जा पाहून खर्चाचा अंदाज बांधण्याची पद्धत रूढ आहे. केंद्र सरकारच्या सातव्या वेतन आयोगानुसार घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग पडतात आणि त्यांतील सर्वांत वरच्या वर्गात दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद व पुणे ही आठ शहरे येतात. परंतु ही वर्गवारी लोकसंख्येवर आधारलेली आहे. ५० लाखांहून अधिक वस्ती, एवढाच तिचा निकष. नळाला पाणी किती वेळ येते किंवा मे महिन्याचे वीजबिल किती असते, हे तिच्यातून कळत नाही. एकाच वर्गातील दोन शहरांत त्याच कुटुंबाचा मासिक खर्च हजारो रुपयांनी वेगळा असू शकतो.

विवेचनाच्या सोयीसाठी एका काल्पनिक कुटुंबाचे उदाहरण घेऊ. नागपुरात स्वतःच्या घरात राहणारे पाच जणांचे कुटुंब आहे. पती खासगी कंपनीत नोकरीस, पत्नी गृहिणी, सत्तरी ओलांडलेली आजी, राज्य मंडळाच्या शाळेत नववी पूर्ण करीत असलेली मुलगी आणि चौथीतील मुलगा. बेंगळुरू येथे बढतीवर बदली होत असून हाती येणारे वेतन दरमहा १८,००० रुपयांनी वाढणार आहे. नागपूरचे घर तूर्त भाड्याने द्यायचे नाही. या उदाहरणातील रकमा केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

तीन रकाने

एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात सोबत येणाऱ्या गोष्टी लिहाव्यात. बँक खात्याचा क्रमांक, मोबाइल क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक, वाहन चालविण्याचा परवाना, आयकर क्रमांक यांना राज्याची सीमा अडवीत नाही. मोबाइल क्रमांक तोच ठेवून देशभरात कोठेही सेवा बदलण्याची मुभा जुलै २०१५ पासून आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकेवर अन्य राज्यांतील रास्त भाव दुकानातून धान्य घेण्याची सोय २०२२ पासून सर्व राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत झाली आहे.

दुसऱ्या रकान्यात तेथे नव्याने उभ्या कराव्या लागणाऱ्या गोष्टी येतात. वीज, पाणी, स्वयंपाकाचा गॅस, शाळा, डॉक्टर, बँकेतील लॉकर या त्या गोष्टी. तिसरा रकाना सर्वांत दुर्लक्षित असतो. राज्याची सीमा ओलांडताच ज्यांच्या अटी बदलतात अशा गोष्टी त्यात लिहाव्यात. उच्च शिक्षणातील राज्य कोटा, वाहनाचा कर, राज्य शासनाची आरोग्य योजना, वीजदरातील सवलत ही त्यातील ठळक नावे होत. पहिल्या रकान्यासाठी थोडी धावपळ आणि दुसऱ्यासाठी पैसा खर्च होतो. तिसऱ्या रकान्यातील हुकलेली अट मात्र पुढे पैसे मोजूनही परत मिळतेच असे नाही.

वीज : बिल कशाचे बनते

विजेचे दर देशभर एक नाहीत. वीज कायदा २००३ नुसार प्रत्येक राज्याचा विद्युत नियामक आयोग ते ठरवितो. एकाच महानगरातही वितरक बदलतो. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी व टाटा पॉवर, तर मुलुंड-भांडुप परिसरात महावितरण वीजपुरवठा करते. कोलकात्यात सीईएससी, अहमदाबादेत टोरंट, बेंगळुरूत बेस्कॉम अशी नावे बिलावर दिसतात. तेव्हा घर पाहतानाच वितरक कोण हे विचारावे आणि त्याचे चालू दरपत्रक पाहावे.

घरगुती दर बहुतेक ठिकाणी टप्प्यांनी चढत जातो. महाराष्ट्रात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून अधिक आणि पुढे आणखी अधिक, अशी रचना आहे. यावर स्थिर आकार, इंधन समायोजन आणि शासनाचे वीज शुल्क लागते. म्हणून ‘तिथे युनिटला काय दर आहे’ हा प्रश्न अपुरा ठरतो. आपला वापर कोणत्या टप्प्यात पडेल आणि त्या वापराचे एकूण बिल किती येईल, हे विचारले पाहिजे. बिलाचा कालावधीही पाहावा. तमिळनाडूत घरगुती वीजबिल दोन महिन्यांचे मिळून देण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. तेथील बिलाची महाराष्ट्रातील एका महिन्याच्या बिलाशी तुलना केल्यास हिशेब मुळातच चुकतो.

वापराचा अंदाज हवामानावरून बांधता येतो. एक किलोवॉट भाराचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट खर्च होते. वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर मधूनमधून बंद पडतो हे लक्षात घेऊन तासाला सरासरी एक युनिट धरले आणि ते रोज आठ तास चालविले, तर महिन्याला २४० युनिट होतात. एवढ्याने बिल वरच्या टप्प्यात जाते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम देतो, कारण कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन होऊन हवा थंड होते. चेन्नई, कोलकाता वा मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर निरुपयोगी ठरतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील उन्हाळा नागपूरच्या मानाने सौम्य असतो. उदाहरणातील कुटुंबाचा वीजखर्च वर्षाच्या सरासरीने कमी होण्याचा संभव अधिक.

सवलतींचे गणित वेगळे मांडावे. दिल्लीत २०१९ मध्ये २०० युनिटपर्यंतच्या घरगुती वापरासाठी आणि कर्नाटकात २०२३ मध्ये ‘गृहज्योती’ या नावाने वीजबिल माफीच्या योजना सुरू झाल्या. त्यांना अर्ज, वापराची मर्यादा आणि अन्य अटी असतात. शिवाय अशा योजना शासनाच्या धोरणानुसार बदलतात. म्हणून हिशेब सवलतीविना करावा. सवलत मिळाली तर ती वरकड बचत समजावी.

भाड्याच्या घरात बहुधा घरमालकाच्या नावाची जोडणी असते. ताबा घेताना मीटरचे वाचन लिहून त्याचे छायाचित्र काढावे आणि मागील १२ महिन्यांची बिले पाहावीत. थकबाकी आहे किंवा नाही आणि कोणत्या महिन्यात बिल चढते, हे त्यांतून एकदम कळते. नवी जोडणी घ्यावी लागल्यास, ग्राहक हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पूर्ण अर्जानंतर ती महानगरात तीन दिवसांत, अन्य नगरपालिका क्षेत्रांत सात दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत मिळणे अपेक्षित आहे. इमारतीत जनरेटर असेल तर त्या विजेचा दर निराळा व चढा असतो. तोही आधी विचारून घ्यावा.

पाणी : किती, कोठून आणि कसे

पाण्याच्या बाबतीत शहराचे नाव पाहून निष्कर्ष काढता येत नाही, इमारत पाहावी लागते. बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून उपसून आणले जाते. शहराच्या जुन्या भागात ते नळाने येते. बाहेरच्या बाजूस वाढलेल्या वस्त्या मात्र दीर्घकाळ कूपनलिका आणि टँकर यांवर अवलंबून राहिल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात अनेक कूपनलिका कोरड्या पडल्या तेव्हा या वस्त्यांतील रहिवाशांचे हाल झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू होऊन भोवतालच्या ११० गावांकडे पाणी नेण्याची व्यवस्था झाली. तरीही प्रत्यक्ष इमारतीपर्यंत जोडणी आली आहे काय, हे स्वतंत्रपणे पाहावेच लागते. चेन्नईचे जलाशय २०१९ मध्ये आटले आणि रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेल्याचे महाराष्ट्रातील वाचकांना आठवत असेलच.

घर दाखविणाऱ्या मध्यस्थाला ‘पाणी आहे ना?’ असे विचारल्यास उत्तर नेहमीच होकारार्थी मिळते. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारावेत. पाणी पालिकेचे की बोअरचे? दिवसातून किती वेळ येते? मागील एप्रिल-मे महिन्यांत इमारतीत किती टँकर आले आणि त्यांचा खर्च देखभाल शुल्कात धरला होता की निराळा घेतला? या प्रश्नांची उत्तरे सोसायटीच्या कार्यालयात अथवा शेजाऱ्यांकडे अधिक खरी मिळतात. शक्य असल्यास घर सकाळी सातच्या सुमारास पाहावे. नळाची खरी परीक्षा त्या वेळी होते.

पाण्याची प्रतही महत्त्वाची आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालवून घेतले जाते. बोअरच्या जड पाण्याने साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कांडीवर क्षारांचे थर चढतात आणि वीज अधिक लागते. जलशुद्धीकरण यंत्र, त्याच्या गाळण्या आणि गीझरची दुरुस्ती हा खर्च मग वर्षानुवर्षे चालू राहतो.

स्वयंपाकाचा गॅस

दूरच्या गावी जाताना सिलिंडर सोबत नेण्याची गरज नसते. सिलिंडर आणि रेग्युलेटर आपल्या वितरकाकडे जमा करावेत, पूर्वी भरलेली अनामत परत घ्यावी आणि जोडणी बंद केल्याची पावती मिळवावी. नव्या गावी ही पावती दाखवून त्या वेळच्या दराने अनामत भरली की जोडणी मिळते. जुनी अनामत कमी आणि नवी अधिक असल्याने हा फरक खर्चात धरावा. शेगडी मात्र आपली असते, ती नेता येते.

मुंबई, दिल्ली, अहमदाबाद, पुणे, बेंगळुरू आदी शहरांच्या अनेक भागांत नळाने गॅस मिळतो. त्याचे बिल मीटरवर येते आणि ते पत्त्याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडते. शहरात नळाचा गॅस आहे म्हणजे आपल्या इमारतीत तो आहेच असे नाही, हे ध्यानात असावे.

शाळा आणि पुढील प्रवेश

कुटुंबाच्या स्थलांतरात सर्वांत दूरगामी परिणाम मुलांच्या शिक्षणावर होतो. शिक्षणहक्क कायदा २००९ अन्वये पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्याला शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला, तरी त्या कारणाने दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. लहान वर्गांत मुख्य अडचण असते ती मंडळाची, सत्राची आणि भाषेची. केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष सामान्यतः एप्रिलमध्ये सुरू होते, अनेक राज्य मंडळांचे जूनमध्ये. दोहोंमधील अंतरात मुलाचे काही आठवडे बुडू शकतात.

राज्याची भाषा शिकविण्याबाबत अनेक राज्यांनी कायदे केले आहेत. तमिळनाडूने २००६ मध्ये, कर्नाटकाने २०१५ मध्ये, केरळने २०१७ मध्ये, तेलंगणाने २०१८ मध्ये आणि महाराष्ट्राने २०२० मध्ये असा कायदा केला. परराज्यातून वरच्या वर्गात येणाऱ्या मुलाला ही भाषा कोणत्या पातळीवर घ्यावी लागेल आणि काही सवलत आहे काय, हे संबंधित शाळेकडूनच समजून घ्यावे. चौथीतील मुलगा वर्षभरात नवी लिपी शिकतो. दहावीच्या उंबरठ्यावरील मुलीकडून तशी अपेक्षा धरणे कठीण आहे. केंद्रीय मंडळाची वाटही सोपी नाही. त्या मंडळात विद्यार्थ्यांची नोंदणी नववीत होते आणि दहावीत थेट प्रवेश काही ठरावीक कारणांनीच व मंडळाच्या परवानगीनेच मिळतो.

याहून गंभीर प्रश्न बारावीनंतरचा आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्य कोट्यातून. महाराष्ट्रातील या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण होणे आवश्यक असते. बदली होणाऱ्या काही वर्गांतील शासकीय कर्मचाऱ्यांच्या पाल्यांना यात सवलत आहे, खासगी नोकरदारांच्या पाल्यांना सामान्यतः नाही. कर्नाटकाच्या सर्वसाधारण अटीनुसार पहिली ते बारावी या काळात किमान सात वर्षे त्या राज्यात शिक्षण झालेले असावे लागते.

उदाहरणातील मुलगी नववीनंतर बेंगळुरूला गेली, तर दहावी कर्नाटकातून होईल आणि महाराष्ट्राच्या राज्य कोट्याची अट मोडेल. बारावीपर्यंत तेथे तिची तीनच वर्षे होत असल्याने कर्नाटकाची सात वर्षांची अटही पुरी होणार नाही. तिला वैद्यकीय शाखेकडे जायचे असेल तर दोन्ही राज्यांची दारे जवळजवळ मिटतील. याउलट चौथीनंतर गेलेला मुलगा बारावीपर्यंत तेथेच राहिला, तर त्याची आठ वर्षे होतील आणि अट सहज पुरी होईल. म्हणजे एकाच घरातील दोन मुलांसाठी एकाच बदलीचे उत्तर भिन्न येते. प्रवेशाचे नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत प्रसिद्ध होतात. निर्णयापूर्वी दोन्ही राज्यांच्या पुस्तिका वाचाव्यात.

औषधोपचार

घरात वृद्ध माणूस असेल तर रुग्णालयाची चौकशी घर शोधण्याच्या आधी करावी. आरोग्य विमा असल्यास नव्या परिसराच्या पिन कोडनुसार विनारोख उपचार देणाऱ्या रुग्णालयांची यादी विमा कंपनीकडून घ्यावी. काही विमापत्रांत शहरांचे गट पाडलेले असतात. लहान शहराच्या दराने हप्ता भरलेल्या व्यक्तीला महानगरातील उपचारांच्या खर्चाचा काही भाग स्वतः सोसावा लागू शकतो. ही अट विमापत्रात शोधून पाहावी आणि पत्ता बदलल्याचे कंपनीला लेखी कळवावे.

आयुष्मान भारत योजनेचे कार्ड योजनेत सहभागी असलेल्या राज्यांतील संलग्न रुग्णालयांत चालते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता कुटुंबागणिक वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. मात्र ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. दरमहाची तपासणी आणि गोळ्या यांचा खर्च त्यात येत नाही. तो महिन्याच्या हिशेबात वेगळा लिहावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या राज्याच्या योजना त्या राज्यातील रहिवाशांसाठी असतात, हेही विसरू नये.

वाहन

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार दुसऱ्या राज्यात वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल तर तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. वाहन कर्जाऊ असेल तर बँकेची संमतीही लागते. नव्या राज्यात कर आधी भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा परतावा नंतर अर्ज करून मिळवावा लागतो. मधल्या काळात ही रक्कम अडकून राहते. जुन्या वाहनाच्या बाबतीत ते विकून तेथे नवे घेणे परवडेल काय, याचा विचार करावा.

सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेची नोंदणी उपलब्ध झाली आहे. शासकीय व सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी संस्थांचे कर्मचारी तिला पात्र ठरतात. या मालिकेत कर दोन-दोन वर्षांचा भरला जातो आणि राज्य बदलले तरी नवा क्रमांक लागत नाही. वारंवार बदली होणाऱ्यांनी नवे वाहन घेताना तिची चौकशी करावी.

पत्ता आणि बँक

नव्या गावात प्रत्येक खिडकीवर पत्त्याचा पुरावा मागितला जातो आणि वीजबिल तर घरमालकाच्या नावाचे असते. अशा वेळी रीतसर भाडेकरार हाच आधार ठरतो. महाराष्ट्रात असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. अन्य राज्यांत ११ महिन्यांचा अनोंदणीकृत करार करण्याचा प्रघात दिसतो. थोडा खर्च पडला तरी नोंदणी करून घेणे भाडेकरूच्या हिताचे असते.

बँकेच्या बाबतीत खाते बंद करून नवे उघडण्याची आवश्यकता नसते. संगणकीय जोडणीमुळे खाते क्रमांक न बदलता शाखा बदलता येते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आणि सुकन्या समृद्धी ही खातीही नव्या शाखेकडे वर्ग होतात. पत्ता बदलताना अधिकृत ओळखपत्रावर नवा पत्ता नसेल, तर दोन महिन्यांहून जुने नसलेले वीज, पाणी, दूरध्वनी वा नळाच्या गॅसचे बिल रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तात्पुरते ग्राह्य धरले जाते आणि तीन महिन्यांत अद्ययावत ओळखपत्र द्यावे लागते. लॉकर मात्र शाखेशी बांधलेला असतो. जुना रिकामा करून परत द्यावा आणि नव्या शाखेत उपलब्धता पाहूनच दागिने हलवावेत. जुन्या घराच्या बिलांसाठी दिलेल्या स्थायी सूचनांपैकी कोणत्या चालू ठेवायच्या व कोणत्या रद्द करायच्या, तेही निघण्यापूर्वी ठरवावे.

हिशेबाची मांडणी

आता उदाहरणातील कुटुंबाचा कागद पुरा करू. खर्च तीन प्रकारांनी लिहावा : दरमहाचा, एकदाच होणारा आणि अडकून पडणाऱ्या रकमेवरील व्याजाचा.

नागपूरच्या तुलनेत दरमहा होणारा फरक असा धरू. घरभाडे ८,००० रुपये अधिक, शाळा व शाळेची बस ३,५०० अधिक, प्रवास १,५०० अधिक, पाणी व देखभाल १,००० अधिक आणि वीज ५०० रुपये कमी. घरासाठी दीड लाख रुपये अनामत द्यावी लागली, तर ती खर्च होत नाही, परंतु तिच्यावरील व्याज बुडते. वार्षिक साडेसहा टक्के दराने हे व्याज ९,७५० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ८०० रुपये. बेरीज १४,३०० रुपये. वेतनवाढीतून ३,७०० रुपये उरले.

सामानाची वाहतूक, शाळाप्रवेश, वाहनकर, गॅसची अनामत व किरकोळ बसवणूक यांचा एकदाच होणारा खर्च १,४४,००० रुपये मानू. ही रक्कम राहण्याच्या महिन्यांत वाटावी. तीन वर्षांसाठी ती महिन्याला ४,००० रुपये पडते, म्हणजे ३०० रुपयांची तूट. मुक्काम पाच वर्षांचा असेल तर २,४०० रुपये पडून १,३०० शिल्लक राहतात. एका वर्षातच परतावे लागले तर १२,००० रुपये पडतात आणि दरमहा ८,३०० रुपये पदरचे जातात. वेतन तेच आणि शहर तेच असूनही केवळ मुक्कामाच्या मुदतीने उत्तर पालटते. म्हणून बदली किती काळाची आहे, हा प्रश्न वेतनाइतकाच आग्रहाने विचारावा.

पर्याय म्हणून पतीने एकट्याने जाण्याचा हिशेब करून पाहू. खोलीचे भाडे ९,००० रुपये, भोजन ६,००० आणि नागपूरची ये-जा ३,००० मिळून १८,००० रुपये होतात. येथेही वेतनवाढ पूर्णतः संपते. दोन्ही वाटांवर हाती जवळजवळ काहीच उरत नाही. रुपयांनी जेथे निकाल लागत नाही तेथे तिसऱ्या रकान्याकडे पाहावे. मुलीच्या राज्य कोट्याची अट आणि आजीचा अनेक वर्षांचा डॉक्टर या दोन गोष्टी कुटुंबाने नागपुरातच राहावे असे सांगतात. घरातील थोरले मूल चौथीत असते, तर हाच कागद सर्वांनी मिळून लवकर जावे असे सांगता.

कागदाचा उपयोग

हा हिशेब होकार देण्यापूर्वी तयार असेल तर त्याचा आणखी एक उपयोग होतो. मालकाकडे ‘आणखी काही वाढवा’ अशी मोघम विनंती करण्याऐवजी नेमक्या गोष्टी मागता येतात : सामान वाहतुकीचा खर्च, पहिल्या महिन्याचा निवास, घराच्या अनामतीसाठी बिनव्याजी अग्रिम, वर्षातून काही वेळा घरी येण्याचे भाडे, अथवा शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत रुजू होण्यास मुदत. यांतील काही मान्य होतात, काही होत नाहीत. रुजू झाल्यावर मात्र त्यांतील बहुतेक मागता येत नाहीत.

स्थानिक माहितीसाठी त्या गावातील सहकाऱ्यांबरोबरच दिल्ली, कोलकाता, बेंगळुरू अशा शहरांतील महाराष्ट्र मंडळांकडेही विचारणा करता येते. कोणत्या भागात पाणी पुरते, कोणत्या शाळेत परराज्यातील मुले रुळतात, हे तेथे वर्षानुवर्षे राहणारी माणसे नेमके सांगतात. नव्या घरात पाऊल ठेवल्यावर वीजतक्रारीचा १९१२, गॅसगळतीचा १९०६ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे देशभर चालणारे क्रमांक दारामागे लिहून ठेवावेत. तीन रकान्यांचा कागदही जपून ठेवावा. पुढच्या बदलीच्या वेळी त्यातील आकडे बदलतील, प्रश्न बहुतांशी तेच राहतील.